परदेशातले खिसेकापू : सांगलीकर वारंवार विचारतात ते प्रश्न

एप्रिल-मेची सुट्टी जवळ आली की विश्रामबागेत आमच्याकडे व्हिसाचे फॉर्म भरायला गर्दी होते. फॉर्म राहतो बाजूला, प्रश्न सुरू होतात थंडीचे, जेवणाचे आणि चोरांचे. थंडी आणि जेवण यावर सांगायला पुष्कळ लोक आहेत, म्हणून इथे फक्त तिसऱ्या विषयाचे प्रश्न घेतले आहेत. सांगली, मिरज, तासगाव, इस्लामपूर, कराड इकडून फोनवर आणि व्हॉट्सॲपवर आलेले प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवले आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर ५ आणि १२ तेवढे वाचा.

१. युरोपात खरंच इतकी पाकीटमारी होते का? तिकडे तर सगळं शिस्तीत असतं म्हणतात.

होते. एप्रिल २०१३ मध्ये पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांनी खिसेकापूंच्या त्रासाला कंटाळून काम थांबवलं आणि संग्रहालय एक दिवस बंद राहिलं. मे २०१५ मध्ये आयफेल टॉवरच्या कर्मचाऱ्यांनीही याच कारणासाठी काम बंद ठेवलं होतं. पॅरिसच्या मेट्रोत 'खिसे सांभाळा' अशी सूचना अनेक भाषांमधून होते.

पण घाबरून तिकीट रद्द करण्यासारखं यात काही नाही. हे चोर सहसा अंगाला हात लावत नाहीत, धाक दाखवत नाहीत. तुमचं लक्ष नसताना हलक्या हाताने काम उरकतात. सगळे देशही सारखे नाहीत. जपान आणि सिंगापूरमध्ये हा त्रास फारच कमी. आपल्या टूरवाल्यांच्या यादीतली पॅरिस, रोम, बार्सिलोना, प्राग ही शहरं मात्र यासाठी नाव कमावून बसली आहेत.

२. नेमक्या कोणत्या जागी जपायचं?

रोममध्ये टर्मिनी स्टेशन आणि तिथून व्हॅटिकनकडे जाणारी ६४ नंबरची बस. पॅरिसमध्ये मेट्रोची १ नंबरची लाइन, आयफेल टॉवरखालचा परिसर आणि मोंमार्त्रच्या चर्चकडे चढणाऱ्या पायऱ्या. बार्सिलोनात ला रांब्ला हा रस्ता आणि मेट्रो. लिस्बनमध्ये २८ नंबरची ट्राम. प्रागमध्ये चार्ल्स पूल, शिवाय जुन्या चौकातलं खगोलीय घड्याळ. तासाला घड्याळाचे ठोके पडतात तेव्हा झाडून सगळे वर बघत असतात आणि सगळ्यांच्या पिशव्या खाली लोंबकळत असतात.

यादी पाठ करू नका. चोर जागा बदलतात, वेळ बदलत नाहीत. गाडीत चढताना, तिकिटाच्या मशीनसमोर, फोटो काढताना, सामान मोजताना, हॉटेलच्या काउंटरवर चावी घेताना. म्हणजे हात गुंतलेले आणि डोळे भलतीकडे. सांगली एसटी स्टँडवर सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या गाडीच्या दाराशी जी रेटारेटी होते, तिथे आपला हात आपोआप खिशावर जातो. तोच हात रोमच्या बसमध्ये चढताना फोन वर धरून व्हिडिओ काढत असतो.

३. चोर ओळखायचा कसा? संशयास्पद माणसं दिसली की लांब राहू.

ओळखता येत नाही, आणि त्या नादाला न लागलेलं बरं. आपले लोक फाटक्या कपड्यांच्या किंवा वेगळ्या रंगाच्या माणसाकडे टक लावून बघत राहतात आणि हातात नकाशा घेतलेल्या, नीटनेटक्या कपड्यांतल्या दोन पोरी शेजारून काम करून जातात. कपडे पर्यटकांसारखे, वय कधी चौदा-पंधरा, कधी पन्नाशीच्या पुढे. बहुतेक वेळा दोघं-तिघं असतात. एकजण अडवतो, दुसरा काढतो, तिसरा घेऊन जातो. म्हणून तुम्ही ज्याला धरता त्याच्या हातात काहीच सापडत नाही.

माणूस बघू नका, अंतर बघा. गाडी अर्धी रिकामी असताना कुणी खेटून उभं राहिलं, तर जागा बदला. लाजायचं कारण नाही.

४. कोणत्या युक्त्या करतात ते एकदा सांगून ठेवा.

दार बंद होतानाची युक्ती सगळ्यात जास्त चालते. मेट्रोच्या दाराशी तुम्ही उभे असता. दार मिटायच्या क्षणी शेजारचा फोन किंवा पाकीट ओढतो आणि बाहेर उडी मारतो. तुम्ही आत, तो फलाटावर, गाडी सुटलेली. उपाय एवढाच : दाराजवळ उभं राहून फोन वापरू नका. डब्याच्या मधे सरका.

सरकत्या जिन्याची युक्तीही तशीच. वरच्या टोकाला पुढचा माणूस एकदम थांबतो, वाकून काही उचलल्यासारखं करतो. मागचे सगळे एकमेकांवर आदळतात आणि त्या धक्क्यात मागच्याचा हात तुमच्या खिशात असतो.

सह्यांचा कागद घेऊन मुली येतात, बहुतेकदा मुक्या-बहिऱ्यांसाठी म्हणून. तुम्ही सही करताना कागद लावलेल्या पाटीखाली तुमची पिशवी झाकली जाते. मोंमार्त्रच्या पायऱ्यांवर मनगटाला दोरा बांधणारे असतात. दोरा बांधला की पैसे मागतात आणि तुमचा एक हात त्यांच्या ताब्यात असतो. आपल्याकडे देवळात कुणी गंडा बांधायला आलं की आपण आपसूक हात पुढे करतो, त्यामुळे इथे आपली मंडळी हमखास अडकतात. दोन्ही हात खिशात घालून चालत राहायचं.

कपड्यावर मोहरीची चटणी किंवा पक्ष्याची घाण पडल्याचं दाखवून कुणी पुसायला आलं, तर 'नको' म्हणून पुढे जा आणि हॉटेलवर जाऊन पुसा. रस्त्यात 'तुमची सोन्याची अंगठी पडली का' म्हणणाऱ्याची अंगठी पितळेची असते.

कॅफेत टेबलावर फोन ठेवला असेल तर कुणीतरी येऊन त्यावर कागद किंवा नकाशा पसरतं, काही विचारतं आणि कागद उचलताना फोनही उचलतं. लंडनमध्ये प्रकार आणखी वेगळा : सायकलवरून किंवा इलेक्ट्रिक बाइकवरून येऊन हातातला फोन हिसकावतात. तिथे रस्ता शोधायचा असेल तर भिंतीकडे सरकून, रस्त्याकडे पाठ न करता फोन बघा.

साध्या वेशातला पोलीस हा प्रकार प्रश्न १५ मध्ये.

५. पैसे, कार्ड, पासपोर्ट ठेवायचं कुठे?

या पानावरचा मुख्य प्रश्न हाच. चोरी कधीच होणार नाही याची हमी कुणी देऊ शकत नाही. पण एका हाताला सगळं मिळणार नाही, अशी मांडणी नक्की करता येते. एकाच पाऊचमध्ये पासपोर्ट, तिन्ही कार्डं, सगळे युरो आणि वर फोन ठेवणारा माणूस स्वतःच चोराचं काम सोपं करतो.

आमची पद्धत तीन थरांची. वरच्या थरात दिवसाचा खर्च : तीस-चाळीस युरो आणि मेट्रोचं तिकीट, पँटच्या पुढच्या खिशात. हे गेलं तर गेलं. मधल्या थरात एक कार्ड आणि थोडे पैसे, चेन असलेल्या आतल्या खिशात. सगळ्यात आत, कपड्यांखाली, पासपोर्ट, दुसरं कार्ड आणि उरलेली रोकड. आतला थर रस्त्यात उघडायचाच नाही. उघडायचा तर संडासात जाऊन.

बाजारात कमरेला बांधायचे पातळ पट्टे मिळतात, ते चांगले असतात. पण त्याहून चांगला आपला चोरखिसा. कुठल्याही टेलरला सांगा, पँटच्या आत कमरेजवळ पासपोर्ट मावेल एवढा चोरखिसा आणि वर चेन. गावाकडच्या म्हाताऱ्यांच्या बंडीला आतून खिसा असतो तो याचसाठी. बाजारच्या दिवशी बैलाचे पैसे त्यातूनच घरी यायचे. वडील बंडी घालत असतील तर ती शर्टाखाली घालू द्या. 'परदेशात हे काय' म्हणून त्यांना नवीन पाऊच घ्यायला लावू नका.

जोडपं असेल तर कार्डं वाटून घ्या. दोघांकडे वेगवेगळ्या खात्यांची हवीत. एकाच खात्याची दोन कार्डं असतील तर खातं गोठवलं की दोन्ही बंद पडतात.

६. आई साडीच नेसते. तिला खिसाच नाही, सगळं पर्समध्ये.

पर्समध्ये फक्त चष्मा, गोळ्या, रुमाल. बाकीचं परकराच्या नाडीत अडकवलेल्या कापडी पिशवीत. पिशवी पुढच्या बाजूला, निऱ्यांच्या आत. बटवा कमरेला खोचायची सवय असेल तर उत्तम, पण तो दिसता कामा नये. पर्स आडवी, पट्टा डोक्यातून घातलेला, पिशवी पोटावर. खांद्यावर नुसती लटकवलेली पर्स म्हणजे चोराला आमंत्रण.

७. मंगळसूत्र काढायचं नाही असं सासूबाई म्हणतात. काय करू?

काढू नका, बदला. साध्या दोऱ्यातले काळे मणी किंवा छोटी वाटी पुरे. एक ग्रॅमचं मोठं गंठण घालून जाऊ, असं काहीजणी म्हणतात. त्यात एक गफलत आहे : ओढणाऱ्याला ते खोटं आहे हे ओढल्यावर कळतं. मानेला इजा तुमच्या. बार्सिलोनात महागडी घड्याळंही मनगटावरून ओढतात, त्यामुळे पुरुष मंडळींनीही लग्नातलं घड्याळ घरीच ठेवावं.

८. रोख किती न्यावी?

नियमानुसार बहुतेक देशांसाठी एका प्रवासाला ३,००० डॉलरपर्यंत परकीय नोटा नेता येतात. एवढ्या नेऊ नयेत. टूरमध्ये जेवण-राहणं धरलेलं असेल तर माणशी दोन-तीनशे युरो रोख पुरतात, बाकी फॉरेक्स कार्डावर, म्हणजे आधी परकीय चलन भरून न्यायच्या कार्डावर. काही बँका फॉरेक्स कार्डासोबत दुसरं राखीव कार्डही देतात. ते पहिल्याच्या शेजारी ठेवू नका. हे फार लोक करतात.

सहकारी बँकेत खातं असेल तर आधी शाखेत जाऊन विचारा. अनेक कार्डं देशाबाहेर चालतच नाहीत, आणि ते पॅरिसच्या मशीनसमोर कळण्यात अर्थ नाही.

९. पासपोर्ट सोबत ठेवायचा की हॉटेलच्या लॉकरमध्ये?

यावर दोन मतं आहेत. इटली, फ्रान्स, स्पेनमध्ये परदेशी माणसाने ओळखपत्र जवळ बाळगणं कायद्याने अपेक्षित आहे. एकाच हॉटेलात तीन-चार दिवस मुक्काम असेल तर बरेच लोक मूळ पासपोर्ट लॉकरमध्ये ठेवून झेरॉक्स घेऊन फिरतात. बहुतेक वेळा तेवढ्यावर निभावतं, पण पोलिसाने मूळच मागितला तर तुमच्याकडे उत्तर नसतं.

आमचं मत : चोरखिसा असेल तर अंगावरच ठेवा. आपल्या टूर जवळपास रोज हॉटेल बदलतात आणि घाईत लॉकरमध्ये विसरलेल्या पासपोर्टचा ताप चोरीइतकाच असतो. शहर बदलण्याच्या आणि सीमा ओलांडण्याच्या दिवशी तर दुसरा विचारच नको. दोन्ही बाबतीत पासपोर्टचं पहिलं-शेवटचं पान आणि व्हिसाचं पान यांचे फोटो स्वतःच्या ईमेलवर पाठवून ठेवा आणि घरी कुणाकडे तरी झेरॉक्स द्या.

१०. टूरची बस, हॉटेलचा नाश्ता, तिथे तरी निवांत ना?

नाही. नाश्त्याच्या हॉलमध्ये खुर्चीला पर्स लावून सगळं कुटुंब एकदम ताटं घ्यायला उठतं. हॉटेलात कोण राहतं आणि कोण नुसतं आत आलंय हे वाढप्याला माहीत नसतं. एकाने टेबलावर बसायचं. बसमध्ये सीटवर काहीही ठेवू नका. ड्रायव्हर कॉफी प्यायला जातोच. ग्रुपचा फोटो काढताना सगळ्यांच्या पिशव्या एका ढिगात ठेवायची आपल्याला सवय आहे, ती मोडा.

११. खिशात हात सापडला तर? धरून चोप द्यायचा का?

हात झटका, मोठ्याने ओरडा, बाजूला व्हा. मारहाण केलीत तर पोलीस तुमच्यावर कारवाई करतील, आणि त्याचे साथीदार शेजारीच असतात. पाठलागही नको. ओरडायला त्यांची भाषा यायची गरज नाही. 'चोर! चोर!' मराठीत पुरतं, आवाज महत्त्वाचा. व्हेनिसमध्ये 'अत्तेन्त्सिओने पिकपॉकेट' असं ओरडून चोरांना उघडं पाडणाऱ्या बाईचे व्हिडिओ २०२३ मध्ये जगभर फिरले. चोराला चार डोळे नको असतात, एवढंच त्यातलं तत्त्व.

१२. पाकीट गेलं. आता पहिलं काय करायचं?

पहिलं : कार्ड बंद. पोलीस नंतर. बँकेच्या ॲपमध्ये कार्ड गोठवायचं बटण असतं, फोन हातात असेल तर मिनिटभराचं काम. फोन करायचा असेल तर लक्षात ठेवा, १८०० ने सुरू होणारे टोल फ्री नंबर परदेशातून बहुधा लागत नाहीत. बँकेचा +९१ ने सुरू होणारा नंबर निघण्याआधीच कागदावर लिहून दोघांच्या पिशवीत ठेवा.

वेळ का महत्त्वाची, तेही सांगतो. परदेशातल्या अनेक वेबसाइटवर खरेदीला ओटीपी लागत नाही, कार्डावरचे आकडे पुरतात. मशीनवर टॅप करूनही छोट्या रकमा जातात. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमानुसार तुम्ही बँकेला कळवल्यानंतर झालेल्या अनधिकृत व्यवहाराचं नुकसान बँकेचं. कळवण्याआधीचं, आणि त्यात तुमचा हलगर्जीपणा असेल, तर तुमचं. कार्डामागे पिन लिहून ठेवणं हा तो हलगर्जीपणा. म्हणून बँकेचा तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या.

निघण्याआधी करायचं एक काम : ॲपमध्ये परदेशी व्यवहारांची बटणं वेगवेगळी असतात, दुकानातलं मशीन, ऑनलाइन, एटीएम, टॅप. मशीन चालू ठेवा, परदेशी ऑनलाइन बंद ठेवा, मर्यादा कमी ठेवा.

कार्ड बंद झाल्यावर आसपासच्या कचऱ्याच्या डब्यात आणि स्टेशनच्या चौकशी खिडकीवर नजर टाका. चोर रोकड काढून पाकीट फेकतात, आणि त्यातलं आधार किंवा लायसन्स कधी कधी परत मिळतं. मुळात ते परदेशात न्यायचंच कशाला, हा वेगळा प्रश्न.

१३. फोन गेला, सिमही त्यातच. ओटीपी, यूपीआय सगळं त्यावर.

दुसऱ्याच्या फोनवरून आपल्या गूगल किंवा ॲपल खात्यात लॉगिन करून फोन हरवल्याच्या स्थितीत टाका. त्याने फोन कुलूपबंद होतो. मग मोबाइल कंपनीला सांगून सिम बंद करा. चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि तुमचे ओटीपी त्याच्याकडे जातात, धोका तिथे आहे. जाण्याआधी सिमला पिन लावून ठेवली तर हा मार्गच बंद होतो. पिन लावताना कंपनीची मूळ पिन विचारून घ्या. तीनदा चुकली की सिम अडकतं. ई-सिम असेल तर ते काढताच येत नाही. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसू नये, ही सेटिंगही करा.

*#०६# दाबून येणारा आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, लिहून ठेवा, तक्रारीत लागतो. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर त्यावरून फोन ब्लॉक करता येतो, पण तो भारतातल्या नेटवर्कवर. पॅरिसमध्ये विकलेला फोन त्याने थांबणार नाही.

१४. पोलीस तक्रार करावीच लागते का? भाषा येत नाही.

पाकीटच गेलं असेल आणि विम्याचा दावा करायचा नसेल तर सोडून दिलं तरी चालतं. पासपोर्ट गेला असेल किंवा विमा मागायचा असेल तर करावीच लागते, आणि ती त्याच देशात. सांगलीत परत आल्यावर इथल्या ठाण्यात केलेली तक्रार विमा कंपनीला सहसा चालत नाही. पॉलिसीत बहुधा २४ तासांची मुदत असते, आपली पॉलिसी वाचा.

इटलीत याला 'डेनुंचा' म्हणतात, हा शब्द काउंटरवर म्हटला तरी काम सुरू होतं. फ्रान्समध्ये हरवल्याची नोंद आणि चोरीची तक्रार हे दोन वेगळे कागद आहेत. चोरी झाली असेल तर 'हरवलं' म्हणू नका, विम्यात अडकाल. कागदाची शिक्का मारलेली प्रत हातात पडल्याशिवाय उठू नका. तातडीच्या मदतीसाठी युरोपीय संघात सगळीकडे ११२, ब्रिटनमध्ये ९९९, थायलंडमध्ये पर्यटक पोलिसांचा ११५५.

विम्याबद्दल एकच : शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) लागणारा ३०,००० युरोचा विमा हा आजारपणाचा आहे. चोरीचं कलम वेगळं असतं, आणि रोख रकमेची भरपाई अनेक पॉलिसींत नसते किंवा नावापुरती असते.

१५. साध्या वेशातल्या पोलिसाने पाकीट तपासायला मागितलं तर?

देऊ नका. 'खोट्या नोटा तपासतोय' हे वाक्य ऐकलं की समजा, नाटक आहे. ओळखपत्र दाखवलं तरी ते खरं की खोटं हे तुम्हाला कसं कळणार? 'पोलीस ठाण्यात चला, तिथे दाखवतो' म्हणा आणि वर्दीतल्या पोलिसाकडे किंवा हॉटेलकडे चालायला लागा. बहुतेक खोटे पोलीस तिथेच गायब होतात. खरा पोलीस पासपोर्ट मागू शकतो, तुमचे पैसे मोजायला घेत नाही.

१६. पासपोर्टच गेला. घरी यायचं कसं?

पोलिसांचा कागद घेऊन भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास गाठायचा. कुठे आहे ते आधी बघून ठेवा, कारण तो नेहमी तुम्ही असता त्या शहरात नसतो. ॲमस्टरडॅममध्ये गेला तर दूतावास हेगला. स्वित्झर्लंडचा बर्नला. इटलीत दूतावास रोमला, आणि व्हेनिसकडच्या भागासाठी मिलानचा वाणिज्य दूतावास. शनिवार-रविवार खिडकी बंद असते, पण तातडीचा फोन नंबर त्यांच्या वेबसाइटवर असतो.

तिथे आणीबाणीचं प्रमाणपत्र मिळतं. ते एकाच प्रवासापुरतं, भारतात परत येण्यासाठी. त्यावर टूरचा लंडनचा टप्पा करता येणार नाही. गेलेला व्हिसाही त्या पासपोर्टबरोबरच गेला, म्हणून व्हिसाच्या पानाची प्रत जवळ हवी. परतीच्या विमानात मधे उतरून विमान बदलायचं असेल तर विमान कंपनीला आधी विचारा. मुलाकडे दोन-तीन महिने राहायला गेलेल्यांनी घाईने प्रमाणपत्र न घेता दूतावासाकडे नवीन पासपोर्टची चौकशी करावी, थांबायला वेळ असतो.

परत आल्यावर नवीन पासपोर्टसाठी अर्ज. सांगली आणि सातारा दोन्ही पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाखाली येतात. हरवलेल्या किंवा चोरीला गेलेल्या पासपोर्टच्या जागी ३६ पानी पासपोर्टची साधी फी ३,००० रुपये आहे. परदेशातला पोलीस कागद आणि प्रमाणपत्र जपून ठेवा, दोन्ही लागतात.

१७. तक्रार केल्यावर पासपोर्ट सापडला. त्यावर अमेरिकेचा व्हिसा शिल्लक आहे. वापरू का?

नाही. चोरीची नोंद झालेला पासपोर्ट रद्द होतो आणि अशा पासपोर्टचे क्रमांक इंटरपोलच्या यादीत जातात. इमिग्रेशनच्या खिडकीवर तो दाखवला तर चोर तुम्हीच ठराल. अमेरिकेच्या वकिलातीला चोरी कळवली असेल तर तो व्हिसाही गेला, नंतर सापडला तरी चालत नाही, नव्याने अर्ज करावा लागतो. सापडलेला पासपोर्ट सोबत घेऊन नवीन पासपोर्टच्या अपॉइंटमेंटला जा आणि तिथे जमा करा.